‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय? एका शब्दामागे लपलेले पोटाचे आजार

सकाळी उठल्या उठल्या घशाशी आंबट येतंय? पित्त झालंय. उन्हातून आल्यावर डोकं ठणकतंय आणि उलटीतून पिवळं पाणी पडलं? पित्त चढलंय. हातापायांवर लाल गांधी उठून खाज सुटली? पित्त उठलंय. लग्नाचं जेवण जेवून आल्यावर रात्री उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली, तरी घरातलं कुणीतरी सांगतंच, "पित्त असेल, थोडं थंड दूध घे."

मराठी घरांत हा एक शब्द जवळपास प्रत्येक दुखण्याला पुरतो. डॉक्टरांच्या लेखी मात्र वरच्या चार तक्रारी चार वेगळ्या आजारांच्या आहेत. पहिली जठरातल्या आम्लाची, दुसरी बहुतेक वेळा मायग्रेनची, तिसरी त्वचेची आणि चौथी पित्ताशयातल्या खड्यांची असू शकते. चौघांचे उपचार वेगळे आहेत आणि थंड दूध यातल्या एकाचाही उपचार नाही.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. आयुर्वेदात पित्त ही तीन दोषांपैकी एक व्यापक संकल्पना आहे आणि घशाशी आंबट येण्याला तिथे ‘अम्लपित्त’ असं वेगळं नाव आहे. रोजच्या बोलण्यात त्यातलं ‘अम्ल’ गळून गेलं आणि नुसतं ‘पित्त’ उरलं. आधुनिक वैद्यकात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा पिवळसर हिरवा रस. तो तेलतुपाचं पचन करायला मदत करतो. तो आंबट नसतो, कडू असतो. घशाशी जे आंबट येतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. म्हणजे ज्याला आपण पित्त म्हणतो, ते बहुतेक वेळा पित्त नसतंच.

आम्ल वाईट आहे का?

नाही. जठरातलं आम्ल अन्नातल्या प्रथिनांचं पचन सुरू करतं आणि पाण्या-अन्नातून आलेले बरेचसे जंतू तिथेच मारतं. ते चांगलंच तीव्र असतं. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा जाड थर असतो, म्हणून जठर स्वतःच पचून जात नाही. अन्ननलिकेला असं कवच नसतं. त्यामुळे तेच आम्ल दोन-चार इंच वर सरकलं की छातीत जळजळ होते.

अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ती सैल पडली किंवा नको त्या वेळी उघडू लागली की आम्ल वर येतं. याला ॲसिड रिफ्लक्स म्हणतात आणि हे वारंवार होऊन त्रास व्हायला लागला की त्याचं नाव ‘जीईआरडी’. म्हणजे अनेकदा आम्ल ‘वाढलेलं’ नसतंच, ते फक्त चुकीच्या जागी गेलेलं असतं.

याची लक्षणं ओळखीची आहेत. छातीच्या मध्यभागी जळजळ, आंबट ढेकर, तोंडात आंबट पाणी येणं, वाकल्यावर किंवा आडवं पडल्यावर त्रास वाढणं. काही जणांना मात्र जळजळ होतच नाही. त्यांना सततचा कोरडा खोकला असतो, सकाळी आवाज बसलेला असतो किंवा घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. असे रुग्ण महिनोन् महिने कफ सिरप पीत राहतात.

पोटाचा वाढलेला घेर हे यामागचं मोठं कारण. पोटातला दाब वाढतो आणि झडपेवर ताण येतो. गरोदरपणात तेच होतं. तंबाखू आणि दारूने झडप सैल पडते. आणि मग आपल्या जेवणाच्या वेळा. रात्री साडेदहाला घरी पोचायचं, अकराला भरपेट जेवायचं आणि साडेअकराला आडवं व्हायचं, हा मुंबई-पुण्यातल्या नोकरदारांचा दिनक्रम जठराच्या दृष्टीने सगळ्यात वाईट आहे. भरलेलं जठर आणि आडवं शरीर असं एकत्र आलं की आम्लाला वर यायला वाट मोकळी.

म्हणूनच पहिला उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तासांचं अंतर, रात्रीचं जेवण हलकं, वजन जास्त असेल तर ते कमी करणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू सहा-आठ इंच उचलणं. नुसत्या जास्त उशा घेऊन भागत नाही. त्याने मान वाकते आणि पोट आणखी दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपल्यानेही अनेकांना फरक पडतो, कारण त्या स्थितीत झडप आम्लाच्या पातळीच्या वर राहते.

थंड दुधाचं काय? पहिली पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं. नंतर दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात. पाण्यात टाकून प्यायच्या फसफसणाऱ्या पुडीचंही तसंच. ती आम्ल तात्पुरतं मारते आणि ढेकर आल्याने मोकळं वाटतं, पण त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी ती रोजची सवय करू नये.

सकाळची ती एक गोळी

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल. नावं वेगळी असली तरी हे औषधांचं एकच कुटुंब आहे, प्रोटॉन पंप इनहिबिटर. जठराच्या पेशींमधले आम्ल तयार करणारे ‘पंप’ ही गोळी बंद करते. ओमेप्राझोल 1980 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं आणि अल्सरच्या अनेक शस्त्रक्रियांची गरजच संपली. औषध म्हणून ते उत्तम आहे.

प्रश्न ते घेण्याच्या पद्धतीचा आहे. ही गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असते, कारण जेवणामुळे पंप सुरू होतात आणि त्या वेळी औषध रक्तात हजर असावं लागतं. जळजळ सुरू झाल्यावर, भरल्या पोटी घेतली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. दुसरं म्हणजे कोर्स. बहुतेक रुग्णांना चार ते आठ आठवडे पुरतात. पण एकदा लिहून दिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते आणि ‘सकाळी उठल्यावर एक’ हा घरातल्या सगळ्यांचाच नियम होतो.

फार काळ घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियमची कमतरता होऊ शकते, आतड्याच्या काही संसर्गांचा धोका वाढतो आणि वयस्कर लोकांत हाड मोडण्याच्या धोक्याशीही या गोळ्यांचा संबंध आढळला आहे. शाकाहारी लोकांत बी-12 आधीच कमी असतं, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा. दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक थांबवली तर काही दिवस आम्ल उलट जास्त तयार होतं. रुग्णाला वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही.’ ती सवय नसते, तो थांबवण्याचा परिणाम असतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू कमी करतात. काहींना ही गोळी खरोखरच दीर्घकाळ लागते. अशांनी हे वाचून मनाने बंद करायची नाही.

आधीच्या पिढीतली रॅनिटिडीन अनेक घरांच्या औषधांच्या डब्यात अजून सापडते. तिच्यात एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता असलेला घटक आढळल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल 2020 मध्ये ती बाजारातून काढायला सांगितली. भारतानेही सप्टेंबर 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून तिचं नाव वगळलं.

अल्सर तिखटामुळे होतो का?

कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावर आणि मिसळीच्या तर्रीवर हा आरोप कायम होतो. तिखटाने आधीच असलेला त्रास वाढू शकतो, पण अल्सर, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तरावर पडणारी जखम, त्याने होत नाही. टेन्शनने होतो, हीसुद्धा जुनी समजूत. ही समजूत डॉक्टरांमध्येही होती आणि ती मोडायला एका डॉक्टरला स्वतःच्याच पोटावर प्रयोग करावा लागला.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला 1979 मध्ये जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जिवाणू दिसले. त्या काळी सगळ्यांची खात्री होती की इतक्या आम्लात कुठलाही जिवाणू टिकणं शक्य नाही. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत काम करू लागला. हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे त्यांचे प्रयत्न फसत होते, कारण बशा दोन दिवसांनी फेकून दिल्या जायच्या. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढलेले सापडले.

तरीही कुणी विश्वास ठेवेना. शेवटी 1984 मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू असलेला द्रव स्वतः पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वास येऊ लागला आणि तपासणीत जठराला सूज आल्याचं दिसलं. या शोधासाठी दोघांना 2005 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तो जिवाणू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, बोलीभाषेत ‘एच. पायलोरी’. तो युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल निष्प्रभ करतो, म्हणून जठरात मजेत राहतो. भारतात त्याचा संसर्ग खूप सामान्य आहे आणि तो बहुधा लहानपणीच, दाटीवाटीच्या घरांत, अस्वच्छ पाण्यातून किंवा घरातल्याच माणसांकडून होतो. बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो आणि त्यातल्या थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्या हातातलं आहे, वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या जठराचं संरक्षण करणारा श्लेष्माचा थर कमजोर करतात. गुडघे दुखतात म्हणून आई रोज दुपारी दुकानातून आणलेली एक गोळी घेते, चिठ्ठी नाही, प्रमाण नाही, आणि मग तिला ‘पित्ताचा त्रास’ सुरू होतो. त्यावर आम्लाची गोळी वाढते, पण मूळ गोळी चालूच राहते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी ते परस्पर थांबवणं धोक्याचं आहे, पोटाचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगून सोबत संरक्षक औषध घ्यावं. तंबाखू, विडी, सिगारेट यांनी अल्सर भरून यायला वेळ लागतो. खेड्यापाड्यात दात घासायला लावली जाणारी मिश्रीही तंबाखूच असते, हे मात्र कुणी तंबाखूच्या खात्यात धरत नाही.

अल्सरचं दुखणं पोटाच्या वरच्या भागात, बेंबी आणि छातीच्या मध्ये असतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तर उपाशीपोटी किंवा मध्यरात्री दुखतं आणि काही खाल्ल्यावर बरं वाटतं. जठराच्या अल्सरमध्ये उलट खाल्ल्यावर दुखू शकतं. अर्थात शरीर पाठ्यपुस्तक वाचून आजारी पडत नाही, त्यामुळे यावरून घरी निदान करू नये.

तपासणीसाठी एंडोस्कोपी आहे, शिवाय श्वासाची युरिया चाचणी आणि शौचाची चाचणीही आहे. चाचणीच्या आधी दोन आठवडे आम्लाची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ येऊ शकतो. उपचारात दोन किंवा अधिक अँटिबायोटिक आणि आम्लाची गोळी, साधारण 14 दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडला की जिवाणू उरतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. भारतात काही अँटिबायोटिकबाबत हा प्रश्न आधीच गंभीर आहे. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला की नाही याची चाचणी करायची असते. ती बहुतेक जण करत नाहीत.

एंडोस्कोपी स्वच्छ, तरी पोट दुखतंच

असेही रुग्ण असतात, आणि थोडेथोडके नाहीत. दोन घास खाल्ले की पोट गच्च, जेवणानंतर तासन् तास जडपणा, वर जळजळ, पण तपासणीत काहीच सापडत नाही. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. जठराची हालचाल आणि त्याची संवेदनशीलता बिघडलेली असते. ‘मनाचे खेळ’ म्हणून घरच्यांनी हे उडवून लावू नये. दुखणं खरं असतं.

आतड्याच्या बाबतीत याचा भाऊबंद म्हणजे आयबीएस. पोटात मुरडा येतो, शौचाला जाऊन आल्यावर कमी-जास्त होतो, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी असं होत असेल आणि शौचाच्या सवयीत बदल असेल, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या दिवशी सकाळी तीन-तीनदा जावं लागणारे अनेक जण यातले. तणावाने त्रास वाढतो, कारण मेंदू आणि आतडं यांच्यात नसांचं दाट जाळं आहे. आयबीएसने कर्करोग होत नाही. पण रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त किंवा घटणारं वजन ही त्याची लक्षणं नव्हेत. तसं असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं.

‘गॅस’ची तक्रार करणाऱ्यांनी एक साधा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद. भारतात अनेक प्रौढांना दुधातली लॅक्टोज ही साखर नीट पचत नाही, तिच्यावर आतड्यातले जिवाणू ताव मारतात आणि वायू तयार होतो. याच लोकांना दही किंवा ताक मात्र सहसा चालतं, कारण विरजणाने लॅक्टोज काही प्रमाणात आधीच फस्त केलेलं असतं. जेवणानंतर ताक प्यायची आपली पद्धत यात बसते. वाल, चवळी, छोले यांनीही वायू होतो. भिजवून, पाणी टाकून शिजवलं तर फरक पडतो.

उपवासाचंही जाता जाता. दिवसभर चहावर काढायचं आणि संध्याकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, तळलेले पापड यांवर एकदम तुटून पडायचं, याने त्रास झाला तर दोष उपवासाला देता येणार नाही.

मग डोक्यात चढणारं पित्त?

ऊन लागलं, जागरण झालं, जेवण चुकलं की अर्धं डोकं ठणकायला लागतं. उजेड आणि आवाज नकोसा होतो, मळमळतं. शेवटी उलटी होते, पिवळं पाणी पडतं आणि हळूहळू डोकं उतरतं. ‘पित्त पडून गेलं, बरं वाटलं’ असा निष्कर्ष निघतो. हे वर्णन बहुतेक वेळा मायग्रेनचं असतं. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे आणि उलटीनंतर डोकं थांबणं हेही त्यात होतं. रिकाम्या पोटी उलटी झाली की खालून पित्तरस वर येतो, म्हणून पाणी पिवळं. ते पित्त खरं, पण ते डोकेदुखीचं कारण नाही. कित्येक बायका अशी डोकेदुखी वीस-वीस वर्षं आम्लाच्या गोळ्यांवर काढतात, तर मायग्रेनसाठी वेगळी, परिणामकारक औषधं आहेत.

अंगावर उठणाऱ्या पित्ताचंही असंच. त्या लाल, खाजऱ्या गांधी म्हणजे अर्टिकेरिया. त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि गांधी उठतात. कारण एखादं औषध, अन्न, संसर्ग किंवा अनेकदा काहीच सापडत नाही. कोकणात आमसुलाचं पाणी अंगाला लावतात, त्याच्या गारव्याने खाज थोडी कमी वाटते. उपचार मात्र अँटिहिस्टामिन गोळ्यांचा. सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी येत राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठावं.

जिथे खरंच ‘पित्त’ असतं

गंमत अशी की ज्या आजारात खऱ्या पित्ताचा संबंध आहे, तो ओळखायला सगळ्यात उशीर होतो. पित्तरसातलं कोलेस्टेरॉल साकळून पित्ताशयात खडे होतात. चाळिशीनंतर, स्त्रियांमध्ये, वजन जास्त असलेल्यांत आणि क्रॅश डाएट करून झपाट्याने वजन उतरवलेल्यांत ते जास्त दिसतात. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला की कळ येते. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात, बहुधा तेलकट जेवणानंतर, रात्री. कळ अर्धा तास ते काही तास टिकते आणि उजव्या खांद्यामागे किंवा पाठीत जाते. आम्लाच्या गोळीने ती थांबत नाही. खडा सरकला की आपोआप थांबते आणि श्रेय गोळीला मिळतं.

पोटाच्या साध्या सोनोग्राफीत हे खडे दिसतात. काहीच त्रास नसताना दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडले, तर बहुतेकदा काही करावं लागत नाही. कळा येत असतील तर दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हा खात्रीचा उपाय. नुसता खडा काढून चालत नाही, पुन्हा होतो. मुतखड्यासाठीचे काढे इथे उपयोगाचे नाहीत, पित्ताशयाचा मूत्रमार्गाशी संबंधच नाही. कळेसोबत थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर थांबू नये. खडा नळीत अडकून संसर्ग झाल्याची ती खूण आहे.

जुलाबाला पाणीच औषध

पावसाळा आला की हा आजार प्रत्येक गावात येतो. बहुतेक जुलाब-उलट्या विषाणूंमुळे होतात, काही दिवसांत आपोआप थांबतात आणि त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. माणूस दगावतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार कमी झाल्याने.

1971 च्या बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजत राहायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. तेच आजचं ओआरएस. महालनबीस यांचं ऑक्टोबर 2022 मध्ये निधन झालं, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण चुकवू नये, जास्त मीठ लहान मुलांना घातक. दुकानातल्या रंगीत, गोड पेयाच्या खोक्याला ओआरएस समजू नये, त्यात साखर फार असते आणि जुलाब वाढू शकतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहावं. मुलांना सोबत 14 दिवस झिंक देतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, आणि अंगावरचं दूध थांबवू नये. शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी न होणं, मूल सुस्त पडणं ही डॉक्टरकडे धावण्याची लक्षणं. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर तेही पित्त म्हणून घरी बसण्यासारखं नाही, आतडं अडल्याची ती खूण असू शकते.

पोटाचा संसर्ग पोटापुरता राहीलच असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायातली ताकद जाणारा हा नसांचा आजार. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. असं क्वचित होतं, पण पाणी उकळून प्यायला सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

छातीत जळजळ, पण पोटाची नाही

हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर दुखणं अनेकदा छातीत न जाणवता पोटाच्या वरच्या भागात जाणवतं. मळमळ होते, ढेकर काढावीशी वाटते, घाम सुटतो. रुग्ण म्हणतो, "गॅस अडकलाय." घरचे ओवा देतात, सोडा देतात, सकाळी बघू म्हणतात. मधुमेह असलेल्यांत, स्त्रियांत आणि वयस्करांत झटक्याची लक्षणं अशीच फसवी असतात.

जळजळीसोबत गार घाम, धाप, जबडा-खांदा-हातात दुखणं, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर त्रास वाढणं, यातलं काही असेल किंवा आयुष्यात कधी नव्हती अशी अस्वस्थता असेल, तर पहिली तपासणी ईसीजी. 108 ला फोन करावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नये. एखाद्या गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं सिद्ध होत नाही.

अपेंडिक्सचीही सुरुवात अशीच फसवी. आधी बेंबीभोवती दुखतं, मळमळतं आणि काही तासांत दुखणं उजव्या बाजूला खाली सरकतं. सोबत ताप असेल तर पोट शेकत बसू नये, जुलाबाचं औषध तर मुळीच घेऊ नये.

डॉक्टरांकडे काय सांगायचं?

दोन-तीन आठवड्यांहून जास्त त्रास, गिळताना घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्त कमी असणं, साठीच्या आसपास प्रथमच सुरू झालेली तक्रार. यातलं एक जरी असलं तरी तपासणी टाळू नये. काळी शौच लोहाच्या गोळ्यांनीही होते, त्यामुळे त्या चालू असतील तर तसं सांगावं. रक्ताची उलटी किंवा काळी शौच यासोबत चक्कर येत असेल, किंवा पोट अचानक दुखून लाकडासारखं कडक झालं असेल, तर थेट तातडीचा विभाग.

एंडोस्कोपीची भीती अनेकांना वर्षभर लांबवत नेते. सहा ते आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, नळी करंगळीएवढ्या जाडीची असते आणि नुसती पाहणी पाच-दहा मिनिटांत होते. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी असावं.

तपासणीच्या खोलीत ‘पित्त’ हा शब्द वापरला नाही तर निदान लवकर होतं. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवावं. खाण्याआधी दुखतं की नंतर, किती वेळ टिकतं, रात्री जाग येते का, शौचाने बरं वाटतं का, हे सांगावं. आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, गुडघ्यासाठी शेजारणीने सुचवलेल्या गोळीसकट.